छापावे

1986 च्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि पत्रिका छापून आणायचं काम माझ्याकडं आलं. घरात दहावी झालेला मी एकटाच. पुण्यात आप्पा बळवंत चौकाजवळ एका बोळात खिळ्यांचा छापखाना होता, तिथं मजकूर देऊन आलो. चार दिवसांनी प्रूफ बघायला गेलो. कंपोझिटर शाईच्या हातानं कागद देत म्हणाला, "नावं नीट बघा, पाव्हणं. एकदा मशिनीवर चढलं की माझ्या हातात काय नाही." मला स्वारगेटला सासवडची गाडी गाठायची होती. मुहूर्त बघितला, नवरानवरीचं नाव बघितलं, खाली 'छापावे' लिहून सही ठोकली.

पाचशे पत्रिका आल्या. निम्म्या वाटून झाल्यावर आत्यानं बोट ठेवलं. वारलेल्या आजोबांचं नाव नुसतंच, आणि जित्याजागत्या चुलत्याच्या नावाआधी 'कै.'

तडक पुण्याला जाऊन आवाज चढवला. मालकानं न बोलता माझ्या हातचा मजकूर पुढं केला. दोन ओळींच्या मधल्या जागेत मी 'कै.' घुसडलं होतं, ते कुठल्या ओळीचं हे माझं मलाच सांगता येईना. आणि प्रूफावर माझी सही.

घरी येऊन सांगितलं, "छापखानेवाल्यानं घोळ घातला."

लग्नात चुलता पंगतीला बसताना म्हणाला, "वाढा रं, मेलेल्या माणसाला भूक जास्त लागती." सगळे हसले. चुलती हसली नाही. तिच्या कपाळावर कुंकू होतं आणि छापील कागद गावभर सांगत फिरत होता, की ते नसायला पाहिजे.

पेरताना पाभरीची एखादी नळी तुंबली तर अख्खं तास रिकामं जातं. म्हणून चाड्यावर मूठ धरणारी बाई सारखी नळीकडं बघते. बी पडतंयच, असं धरून चालत नाही. वाचताना मात्र आपण धरून चालतो. डोळा कागदावर असतो, पण दिसतं मनातलं. म्हणून छापखान्यात दोघं बसत: एक मूळ मजकूर मोठ्यानं वाचणार, दुसरा प्रूफावर बोट फिरवणार.

ज्ञानेश्वरी शके 1212 ची. हातानं उतरवता उतरवता तिच्यात चुका शिरल्या. एकनाथांनी शके 1506 ला, म्हणजे 1584 साली, ती शुद्ध केली, आणि स्वतः एवढे मोठे कवी असून यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावलं. कीर्तनात हे ऐकलं की मी खाली बघतो. मला एक पान धड वाचता आलं नव्हतं.

पण खरं सांगायचं तर न वाचणं हा आळस झाला, तो माफ होईल. मी ज्याच्यावर ढकललं, त्यानं मला आधी सावध केलं होतं. आमच्या गावात त्याला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून खोटं बोलणं सोपं गेलं. ओळखीचा असता तर जीभ वळली असती का?

पुढं चुलता गेला. दशक्रियेचं पत्रक छापायला मीच गेलो. प्रूफ घरी आणलं, मुलाला मूळ मजकूर वाचायला लावला आणि मी बोट फिरवत बसलो. नावाआधीचं 'कै.' आलं तेव्हा मुलगा वाचत पुढं गेला, माझं बोट तिथंच राहिलं. चुलती उंबऱ्याशी बसून ऐकत होती. तेव्हाही तिला सांगितलं नाही.