विश्वासाला कुलूप?

ज्या माणसावर आपला पूर्ण विश्वास आहे, त्याच्या हाती घरातल्या साऱ्या किल्ल्या द्याव्यात की नाही? देऊ नयेत म्हटले, तर 'मग विश्वास कसला?' असे कोणी विचारील. द्याव्यात म्हटले, तर 'मग शहाणपण कसले?' असे दुसरा विचारील. प्रश्न जुना आहे, पण मला तो नव्याने विचारायला लावला तो आमच्या कचेरीतल्या संगणकाने.

शाहूपुरीत आमची हिशेबाची कचेरी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात वसलेली ही व्यापारी पेठ. इथल्या अडत्यांचे जमाखर्च आमच्याकडे येतात. दिवसभर ते संगणकात भरले जातात आणि रात्री, सारी पेठ झोपलेली असताना, एक लहानसा प्रोग्राम त्या साऱ्या हिशेबांची नक्कल काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवतो. पडद्याआड राबणाऱ्या असल्या प्रोग्रामला 'डीमन' म्हणतात. अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये १९६३ च्या सुमारास हे नाव पडले, ते मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने कल्पिलेल्या एका भुतावरून. ते भूत म्हणे एका इवल्याशा दाराशी बसून रेणूंना निवडून पलीकडे सोडते. आपण त्याला वेताळ म्हणू. दिसत नाही, बोलत नाही. राबतो मात्र इमानाने.

या वेताळाला मोकळीक किती द्यायची? संगणकाचा नेहमीचा रिवाज असा, की फाईल कोणाला दाखवायची ते तिच्या मालकाने ठरवावे, आणि मालकाच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामला मालकाचे सारे अधिकार मिळावेत. दुसरा रिवाज सक्तीच्या नियमांचा आहे. प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक फाईलला एकेक चिठ्ठी डकवायची, आणि कोणत्या चिठ्ठीवाल्याने कशाला हात लावायचा ते यंत्रणेच्या गाभ्यातच लिहून ठेवायचे. जे लिहिलेले नाही, ते मना. सर्वाधिकारी म्हणून चालणारा प्रोग्रामही या नियमांतून सुटत नाही. 'एसई-लिनक्स' नावाची अशी व्यवस्था अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली जगाला खुली केली, आणि २००३ साली ती लिनक्सच्या गाभ्यात सामावली गेली. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही ती मुकाट्याने पहारा करीत असते.

मी आमच्या वेताळासाठी असे नियम लिहीत होतो. आमचे वृद्ध दिवाणजी शेजारी येऊन बसले. सारी हयात त्यांनी दुसऱ्यांचा पैसा मोजण्यात घालवलेली. थोडा वेळ पडद्याकडे पाहून ते म्हणाले, "रावसाहेब, इतकी वर्षं बिनचूक काम केलं त्यानं. आता त्याच्यावर पहारा?"

प्रश्न वेताळाविषयी होता, पण दुखरी जागा माणसाची होती. मला लगेच उत्तर सुचले नाही.

१९८८ साली नॉर्म हार्डी या संगणकतज्ज्ञाने एक हकीकत लिहिली, तिचा मला पुढे आधार वाटला. एका प्रोग्रामला आकडेवारी लिहिण्यासाठी एका कप्प्यात लिहिण्याची मुभा होती. त्याच कप्प्यात ग्राहकांच्या बिलांची फाईलही होती. एका ग्राहकाने आपली माहिती कोठे उतरवायची म्हणून नेमके त्या बिलांच्या फाईलचे नाव दिले. प्रोग्रामने आज्ञा पाळली आणि बिलांवरच लिहून टाकले! प्रोग्राम लबाड नव्हता, आज्ञाधारक होता. त्याच्याजवळ एक किल्ली जास्त होती, आणि ती दुसऱ्याने त्याच्याच हातून वापरून घेतली. म्हणजे मर्यादा घालायची ती माणूस खोटा आहे म्हणूनच असे नाही. खऱ्या माणसाच्या इमानाचा कोणी दुरुपयोग करू नये म्हणूनही ती लागते. आणि उद्या पैसे कमी भरले, तर ज्याच्याजवळ तिजोरीची किल्लीच नाही, त्याच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

शिवछत्रपतींच्या गडांवर हेच होते. हवालदार, सबनीस, सरनौबत असे अधिकारी नेमून कारभार त्यांच्यात वाटलेला असे, म्हणजे एकट्याच्या मनात आले म्हणून गड शत्रूच्या हाती जाऊ नये. यात कोणालाही अपमान वाटल्याचे ऐकिवात नाही. नियम सर्वांना सारखा असला की तो टोचत नाही; एकालाच असला की टोचतो.

पण हिरकणीची आख्यायिका आठवली की मी थबकतो. रायगडावर दूध विकायला आलेली ती गवळण. सूर्यास्ताला दरवाजे मिटले, आणि घरी तान्हे बाळ. पहारेकऱ्यांनी नियम मोडला नाही, यात त्यांचे काही चुकले नाही. पण त्या माउलीचे काय चुकले? ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला, आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. कथा आपण नेहमी आईच्या मायेची म्हणून सांगतो. मला त्यात राज्यकर्त्याचेही कर्तव्य दिसते. कोणी नियमाबाहेरून गेले, तर आधी ते का गेले हे विचारावे, आणि मग भिंत बांधावी.

नियम लिहिताना हीच अडचण येते. आरंभी ते नुसत्या नोंदीपुरते ठेवता येतात. अडवायचे काही नाही, वेताळ कोठे कोठे हात घालतो ते टिपून घ्यायचे. आठ दिवस पाहून नियम पक्के केले, तर महिनाअखेरीस किंवा ३१ मार्चला एकदाच लागणारी फाईल राहून जाते, आणि बिचारा दाराशी अडतो. उलट नोंदीतली प्रत्येक मागणी डोळे मिटून मंजूर केली, तर नियम असून नसल्यासारखे. आणि सर्वांत मोठा मोह म्हणजे, काही अडले की पहाराच उठवायचा! म्हणून प्रत्येक मागणी हाती घेऊन, ही गरज आहे की नुसती सवय, एवढे विचारावे लागते. ते विचारायला त्याचे काम समजून घ्यावे लागते. वेताळाचे काम मला जितके त्या दिवसांत कळले, तितके आधी कधीच कळले नव्हते.

दिवाणजींना मी एवढेच दाखवले, की त्या नियमांत माझ्याही नावापुढे बऱ्याच दारांना कुलूप आहे. त्यांनी चष्मा पुसून ती यादी पुन्हा वाचली. म्हणाले, "मग हरकत नाही."

किल्ली कोणाला द्यायची हे ठरवण्याआधी त्याचे काम जाणून घ्यावे, आणि दुसऱ्याला घातलेली वेस आधी स्वतः मानावी. इतके केले, तर कुलूप आणि विश्वास एका दारावर सुखाने नांदतात.