भरलेली पिशवी
(मार्क ६:७-१३)



सामान बांधण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असा माझा बरीच वर्षे समज होता. कपडे घडी न घालता गुंडाळायचे, मोजे बुटांत कोंबायचे, जड वस्तू तळाशी आणि टॉर्च वरच्या खणात. मिस्साच्या साहित्यासकट सारे एका पिशवीत!

गेल्या हिवाळ्यात आपल्या युवकांना घेऊन तिरोडा तालुक्यातील बोदलकसाला गेलो होतो. जंगलाने वेढलेला तो तलाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मुलांकडे दोन-दोन पिशव्या, माझ्या खांद्यावर एकच. संधी साधून मी त्यांना सामान कसे भरावे यावर चांगले अर्धा तास सुनावले. मिस्सातही मी इतका लांबत नाही.

निघायच्या दिवशी एक म्हातारी रस्त्यावर येऊन थांबली. आदल्या दिवशी तिच्या अंगणात आम्ही पाणी प्यायलो होतो. तिच्या हातात फडक्यात बांधलेले तांदूळ होते. मी म्हणालो, "आजी, राहू द्या, कशाला?" ती म्हणाली, "न्या ना बाबू, नवे तांदूळ आहेत." मी तिला माझी पिशवी दाखवली, खरोखर दाखवली, की बघा, जागाच नाही. तिचा चेहरा उतरला. शेवटी ज्याची मी सर्वांत जास्त थट्टा केली होती, त्या मुलाने ते गाठोडे आपल्या दुसऱ्या पिशवीत ठेवले.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बारा जणांना पाठवतो. काठी चालेल, भाकर, झोळी, पैसे, दुसरा अंगरखा नको. कमी सामानाचा हा उपदेश मला फार आवडायचा, कारण तो मला लागू पडतो असे वाटायचे. पण प्रभू पुढे म्हणतो की ज्या घरात जाल तेथेच राहा. भाकर जवळ नाही, म्हणजे ती कोणी तरी वाढायला हवी. पैसे नाहीत, म्हणजे रात्री कोणाचे तरी दार ठोठवायला हवे. प्रेषित दारात उभा राहतो तो मागणारा म्हणून. माझ्या पिशवीत जादा काही नव्हते हे खरे, पण मला लागणारे सगळे होते. मला कोणाची गरज नव्हती, आणि खरे सांगायचे तर अभिमान त्याचाच होता.

आता कोणी घरी जाऊन सामान फेकू नये. तीन लेकरांना घेऊन रेल्वेच्या जनरल डब्यातून जाणाऱ्या आईने नीट बांधाबांध केलीच पाहिजे.

संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले. राजाच्या माणसांनी सोबत नोकर देऊ केला, तो त्यांनी नाकारला. जहाजावर ते स्वतःचे कपडे स्वतः धूत. पण काही पुस्तके आणि केपच्या थंडीसाठी दिलेला जाडाभरडा कोट त्यांनी घेतला. हे मला विशेष वाटते. काहीच न घेण्याचीही फुशारकी मारता येते. ती त्यांनी मारली नाही. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला उतरले.

यंदाही बोदलकसाला जायचे ठरत आहे. यायचे असेल त्यांनी मिस्सानंतर नाव द्यावे. माझी पिशवी तीच आहे, फक्त चादर घरी ठेवणार आहे. थंडी वाजली तर कोणाकडे तरी मागावी लागेल.