थंड पाण्याची शिल्लक

चि. ओवी,


धरणाच्या वरच्या अंगाला पाणी कोमट आणि खाली नदीत उतरलं की ऐन मे महिन्यात हुडहुडी, हे कसं, असं तू विचारलंस. (धरणाखाली पोहायला जाऊ नकोस. विमोचक, म्हणजे पाणी सोडायची दारं, कधी उघडतील याचा नेम नसतो.) माझी नोकरी धरणांवर गेली. रोज पातळी मोजली, टीएमसीचे हिशेब लिहिले, पण पाणी गरम की गार हे कधी वहीत लिहिलं नाही. तसा रकानाच नव्हता.

उन्हाने वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. तळाचं थंड आणि जड. उन्हाळाभर दोघं मिसळत नाहीत. विमोचक खोल असला की नदीला तेच थंड पाणी मिळतं.

आत्याकडे कॅलिफोर्नियात गेलो तेव्हा तिने सॅक्रामेंटो नदीवरचं शास्ता धरण दाखवलं. उंची 602 फूट, काम पुरं झालं 1945 साली. खालच्या रेडिंग गावात ऊन असं, की चपलेतून चटका बसावा. आणि त्याच उन्हाळ्यात तिथला एक सामन मासा नदीतल्या गोट्यांत अंडी घालतो. समुद्रातून येतो हिवाळ्यात, म्हणून त्याला हिवाळी चिनूक म्हणतात. अंडं नारिंगी, भिजलेल्या साबुदाण्याहून थोडं मोठं. त्याला पाणी लागतं तेरा अंशांच्या आसपास. त्याहून फार तापलं की आतला जीव मरतो. पूर्वी हे मासे वर डोंगरात, मॅक्लाउड नदीच्या झऱ्यांच्या गारव्यात जात. धरणाने ती वाट अडवली. आता त्याच धरणाने त्यांना गारवा पुरवायचा!

आधी त्यासाठी तळाचं पाणी जनित्रांना वळसा घालून सोडत, वीज बुडे. 1997 मध्ये भिंतीच्या जलाशयाकडच्या अंगाला तीनशे फूट उंचीचा पोलादी सांगाडा बसवला. त्याला वेगवेगळ्या उंचीवर दारं. वसंतात वरची दारं उघडून कोमट पाणी आधी वापरायचं आणि तळाचं भाद्रपदापर्यंत पुरवायचं. तुझी आजी बेगमीची बरणी अशीच राखायची.

पण 2014 च्या दुष्काळात बरणीच रिकामी झाली. मोसम संपण्याआधी थंड पाणी सरलं आणि शंभरातली पंचाण्णव अंडी-पिल्लं गेली. दारं होती, पण त्यांच्यामागे निवडायला काही उरलं नव्हतं. माझ्या मते अशा वर्षी शेतीच्या पाण्याला वसंतातच हात आखडता घ्यावा. शेतकऱ्याला हे रुचणार नाही. मलाही नोकरीत असताना रुचलं नसतं.

ऑस्ट्रेलियात मॅक्वारी नदीवरच्या बरेंडाँग धरणाचं दुखणं नेमकं उलटं. तिथल्या मरे कॉड माशाला विणीसाठी ऊब हवी आणि धरण सोडतं गार पाणी. म्हणून त्यांनी पाणी घेण्याच्या मनोऱ्याभोवती चक्क पडदा टांगला, वरचं ऊबदार पाणी आत यावं म्हणून.

दिवाळीत येताना थर्मामीटर आणतो, पण खरी गंमत वैशाखात. जड बाटलीला एक दोरी, बुचाला दुसरी. बाटली खोल सोडायची, बूच ओढायचं आणि वर आलेल्या पाण्यात थर्मामीटर धरायचा. नावाडीकाकांना आतापासून सांगून ठेव, आणि दोरीला दर मीटरवर गाठ मार.

तुझे
आजोबा