वेगळा शब्द कुणाचा?

गेल्या डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात एका मित्राच्या घरी आम्ही जमलो होतो. जेवणं उरकल्यावर यजमानाने आठ जणांना चिठ्ठ्या वाटल्या. सात चिठ्ठ्यांवर एकच शब्द, आठवीवर त्याच्या जवळपासचा दुसरा. आपला शब्द न उच्चारता प्रत्येकाने त्याची एक खूण सांगायची आणि फेरी संपली की वेगळ्या चिठ्ठीचा माणूस कोण, ते बोट दाखवून ठरवायचं. आपली चिठ्ठी वेगळी आहे की नाही, हे सुरुवातीला कुणालाच ठाऊक नसतं. ‘अंडरकव्हर’ नावाच्या अ‍ॅपवरही हा खेळ खेळता येतो, पण कागदाच्या आठ कपट्यांवर तो अधिक रंगतो.

पहिला म्हणाला, ‘डबा’. दुसरी म्हणाली, ‘तूप’. तिसरी, मूळची कोल्हापूरची आमची मैत्रीण, म्हणाली, ‘सण’. पुढे ‘तवा’, ‘घडी’, ‘रोज’ अशा खुणा येत गेल्या. फेरी संपायच्या आतच सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळल्या होत्या. मतदान झालं तेव्हा सात बोटं तिच्याकडे होती, त्यातलं एक माझं. तिने चिठ्ठी उलगडली. तिच्यावर ‘पोळी’ लिहिलं होतं, माझ्या चिठ्ठीवर होतं तेच. ‘पुरणपोळी’ची चिठ्ठी निघाली ‘तूप’ म्हणणारीकडे.

पुण्यात रोज डब्यात जाते ती पोळी. कोल्हापूरकडे रोजची ती चपाती आणि पोळी म्हटलं की पुरणाचीच. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पोळी-चपातीवरून आम्ही पूर्वी कितीदा तरी हसलो आहोत. पण डावाच्या गर्दीत ते कुणालाही आठवलं नाही. मैत्रीण म्हणाली, “डबा ऐकला तेव्हाच मला वाटलं, चिठ्ठी माझीच वेगळी. मग भांडू कशावर?”

तिचं हे वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. आरोप करणारे चुकले, हे समजण्यासारखं आहे. पण जिच्यावर आरोप झाला तिलाही तो खरा वाटला, आणि तोही आम्ही आरोपाचं एक अक्षर बोलायच्या आधी.

या जातीच्या खेळांना माणसातला खोटेपणा हेरण्याचे खेळ म्हणतात. ‘माफिया’ला ते लागू पडतं. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोवने तो 1986 च्या सुमारास रचला. त्यात मोजके माफिया एकमेकांना ओळखतात, बाकीचं गाव अंधारात असतं. म्हणजे तिथे खोटं बोलणारा जाणूनबुजून बोलतो. शब्दांच्या खेळात पहिल्या फेरीत कुणीच खोटं बोलत नाही. ज्याची चिठ्ठी वेगळी आहे तोसुद्धा आपल्या शब्दाबद्दल खरंच सांगत असतो. मग आपण नेमकं काय पकडतो?

भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1975 साली छापलेल्या ‘लॉजिक अँड कॉन्व्हर्सेशन’ या निबंधात संवादाचं मर्म सहकार्यात शोधलं होतं. समोरच्याला गरजेचं आहे तेवढं सांगावं, कमी नको आणि जास्तही नको, अशी एक अलिखित समजूत बोलणाऱ्यांमध्ये असते. हा खेळ त्या समजुतीवर ताण आणतो. आपल्या माणसांना कळेल इतकं सांगायचं, पण परक्याच्या हाती शब्द लागेल इतकं नाही. अशी अर्धी खूण देणं कुणाला जमतं? ज्याचं स्वयंपाकघर, शाळा, गल्ली इतरांसारखी आहे, त्याला. बाकीच्याने कितीही विचारपूर्वक खूण दिली तरी ती कानाला खटकते, आणि खटकलेलं आपण लबाडीच्या खात्यात टाकतो. आम्ही त्या रात्री आमच्यासारखं कोण बोलत नाही एवढंच पकडलं. निकाल मात्र गुन्हेगार सापडल्यासारखा दिला.

खोटं ओळखण्यात माणूस मुळात फारसा तरबेज नाही. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी 2006 मध्ये अशा शेकडो प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा खरं-खोटं बरोबर ओळखण्याचं सरासरी प्रमाण 54 टक्के भरलं. नाणं उडवूनही पन्नास टक्के उत्तरं बरोबर येतात. तरीही आमच्या सात बोटांपैकी एकही थरथरलं नाही.

याच्याशी लहानपणीचा चिठ्ठ्यांचा खेळ ताडून पाहावा. राजा-राणी-शिपाई-चोर. तिथे चोर ओळखायचा तो एकट्या शिपायाने. चुकला तर त्याचे गुण चोराला जात आणि वहीतल्या त्याच्या रकान्यात शून्य पडे. ते शून्य सुट्टीभर डोळ्यांसमोर राहायचं. त्यामुळे शिपाई बोट दाखवण्याआधी तिघांचे चेहरे पुन्हा पुन्हा निरखायचा. आताच्या खेळात चूक सगळ्यांची मिळून होते, म्हणून ती कुणाच्याच नावावर चढत नाही. माझं मत चुकलं हे मला त्या रात्री कुणी म्हणालं नाही, आणि मीही ते कुणाला म्हणालो नाही. बोट दाखवणाऱ्याच्या नावावर काही राहात नसेल, तर त्याने विचार करावा कशाला? मला तो जुना खेळ या एका बाबतीत अधिक न्यायी वाटतो.

आणि आरोपीचं काय होतं? मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांचे 1950 च्या दशकातले प्रयोग या जागी आठवतात. समोरच्या तीन रेघांपैकी नमुन्याएवढी कुठली, इतका सोपा प्रश्न. पण आधी बोलणारे सगळे ठरवून एकच चुकीचं उत्तर देत. खऱ्या परीक्षार्थींची अशा वेळची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्या चुकीच्या उत्तरामागे गेली. मात्र आधीच्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तर हे प्रमाण झपाट्याने खाली येई. आमच्या मैत्रिणीला तसा एक जण हवा होता. “कोल्हापुरात पोळी म्हणजे पुरणाची” एवढंच त्याने मनाशी आठवलं असतं आणि हात खाली ठेवला असता, तरी पुरे होतं.

हा खेळ सोडून द्यावा असं मला वाटत नाही. मित्रांमध्ये अशी चूक चिठ्ठी उलगडताच उघडी पडते, हे त्याचं मोठं देणं आहे. सोसायटीच्या सभेत, कार्यालयात, नवी सून आलेल्या घरात कुणाचा शब्द खटकला की बोटं अशीच उठतात, आणि तिथे चिठ्ठी कुणी उलगडून पाहात नाही. बोली वेगळी म्हणून वर्गात गप्प बसलेली मुलं मी पाहिली आहेत. आपलाच शब्द चुकीचा, असं त्यांनीही आधीच धरलेलं असतं.

आमच्या घोळक्यात आता एक नियम वाढला आहे. मतदानाआधी संशयिताला आणखी एक खूण द्यायची मुभा असते, आणि त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येकाने आपलं कारण मोठ्याने सांगायचं. डाव लांबतो, कधी कधी शब्दच फुटतो आणि चिठ्ठ्या पुन्हा लिहाव्या लागतात. तुम्ही खेळाल तेव्हा हा नियम जरूर लावून पाहा. आणि चिठ्ठ्या लिहायला दर वेळी वेगळ्या गावचा माणूस बसवा.