‘आदिम’ : अवस्था की परिस्थिती?

कर्जत तालुक्यातील कळंबच्या परिसरात ठाकरांच्या वाड्या आहेत आणि कातकऱ्यांच्याही. दोन्ही जमाती अनुसूचित. परंतु शासनाने ‘आदिम’ ठरविली ती कातकरी. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीनच जमातींना हे विशेषण लाभले. पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात हा वर्ग निर्माण झाला, तेव्हा त्याच्या निकषांत पहिला होता तो शेतीपूर्व तंत्रज्ञानाचा. एखाद्या समाजाला असे विशेषण लावणे हे वर्णन असते की निवाडा, आणि निवाडा असल्यास तो कोणत्या अधिकाराने दिला जातो, हा प्रश्न प्रशासनाचा म्हणून सोडून देता येत नाही. ‘आदिम’ हा शब्द मराठी समीक्षेचाही आहे.

‘शेतीपूर्व’ या कल्पनेची वंशावळ स्कॉटलंडमध्ये सापडते. अठराव्या शतकाच्या मध्यावर ग्लासगो आणि एडिंबरो येथील विचारवंतांनी मानवी इतिहासाची एक शिडी रचली : शिकार, पशुपालन, शेती, व्यापार. अॅडम स्मिथने ती आपल्या व्याख्यानांतून मांडली, तर अॅडम फर्ग्युसनने १७६७च्या नागरी समाजावरील ग्रंथात ‘रानटी’ ते ‘सुसंस्कृत’ अशा प्रवासाचा वेगळा आलेख काढला. जेथे पुरावा नाही तेथे तर्काने दुवे जुळविणाऱ्या या रीतीला ड्यूगल्ड स्ट्यूअर्टने पुढे ‘अनुमानित इतिहास’ असे नाव दिले. हा इतिहास मुळात एक कथनप्रकारच आहे : त्यात पात्रे नाहीत, फक्त पायऱ्या आहेत.

मात्र या मंडळींचे ‘रानटी’ लोक दूर अमेरिकेतच नव्हते. उत्तरेच्या डोंगरात, एडिंबरोपासून काही दिवसांच्या वाटेवरही ते होते. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर डोंगरी टोळ्यांच्या सैन्याचा पाडाव झाला. त्यानंतर त्यांची शस्त्रे काढून घेणारे आणि त्यांच्या पेहरावावर बंदी घालणारे कायदे आले. फर्ग्युसन स्वतः डोंगरी मुलखाच्या सीमेवर जन्मलेला, गेलिक जाणणारा. डोंगरी पलटणीचा धर्मोपदेशक या नात्याने १७४५च्या डिसेंबरात त्याने बंडाच्या विरोधात प्रवचन दिले, ते गेलिकमध्येच. आपल्या माणसांना त्यांच्याच भाषेत त्यांचा काळ संपल्याचे सांगणारा हा तत्त्वज्ञ व्यापारी समाजात माणसाचा यंत्रभाग होतो अशी धास्तीही व्यक्त करतो, यात ढोंग नसावे. शिडीच्या वरच्या पायरीवर त्याला स्वस्थता नव्हती, एवढेच.

डोंगरी समाज निःशस्त्र झाल्यावर त्याचे काव्य एडिंबरोला प्रिय झाले. १७६० पासून जेम्स मॅकफर्सनने प्राचीन गेलिक कवी ओसियनच्या नावावर रचना प्रसिद्ध केल्या आणि ह्यू ब्लेअरने १७६३ मध्ये प्रबंध लिहून त्यांची भलावण केली. ब्लेअर हा १७६२ पासून एडिंबरो विद्यापीठातील वक्तृत्व व ललितवाङ्मयाचा प्राध्यापक होता, ही गोष्ट समीक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. साहित्याध्यापनाच्या या आरंभीच्या पदावरील समीक्षकाने आदिमतेचे कौतुक केले, ते आदिम ठरविलेल्यांचा पराभव पूर्ण झाल्यावर.

हा विचारव्यूह मुंबईला पोहोचण्यास फार काळ लागला नाही. एडिंबरोत शिकलेल्या जेम्स मॅकिंटॉशने १८०४ मध्ये मुंबईची लिटररी सोसायटी स्थापिली. तीच पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. तिच्याशी निकटचा संबंध असलेले मिशनरी जॉन विल्सन हेही एडिंबरोचेच विद्यार्थी. उत्तर कोकणातील वारली आणि काथोडी म्हणजे कातकरी यांच्यावरील त्यांचा लेख १८४३ मध्ये लंडनच्या सोसायटीच्या नियतकालिकात आला.

कातकरी हे नावच शिडीला खोटे पाडते. ते कातावरून आले आहे. खैराचा गाभा उकळून कात पाडणे ही कारागिरी. आणि विड्यासाठी, रंगासाठी, कातडी कमावण्यासाठी लागणारा हा माल बाजाराचा. म्हणजे ज्यांना शेतीच्या अलीकडचे ठरविले, ते व्यापाराशी बांधलेले होते. १८७८च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातील खैर त्यांच्या हातून गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, वीटभट्ट्या आल्या आणि उचल घेऊन कुटुंबासह हंगामी स्थलांतर आले. हे सारे ‘शेतीपूर्व’ या एका शब्दात मावते, कारण तो शब्द घडलेल्या गोष्टींना न घडलेल्या गोष्टींचे रूप देतो. हिरावून घेणे मागासलेपण होऊन बसते. योहानेस फेबियनने १९८३ मध्ये मानववंशशास्त्रावर समकालीनता नाकारल्याचा आरोप ठेवला, तो येथे अक्षरशः लागू पडतो.

तरीही शिडी रचणाऱ्यांना एकतर्फी दोषी ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांनी माणसामाणसांतील भेद रक्तात न शोधता उपजीविकेत शोधला. पुढील शतकातील वंशवादाच्या तुलनेत हे मोठे नैतिक पाऊल होते. शिवाय या वर्गीकरणाने कातकऱ्यांपर्यंत घरकुलासारख्या योजना पोहोचतात, तेव्हा तत्त्वाखातर ते झुगारून देण्याचा सल्ला बाहेरच्याने देणे सोपे असते. २००६ मध्ये केंद्राने वर्गाच्या इंग्रजी नावातील ‘आदिम’ काढून ‘विशेष असुरक्षित’ असा बदल केला. मराठी व्यवहारात जुना शब्द टिकून आहे.

अधिक उपयुक्त आधार स्मिथकडेच मिळतो. १७५९च्या नैतिक भावनांवरील ग्रंथात तो म्हणतो की सहानुभूती दुसऱ्याची भावना पाहून उपजते त्यापेक्षा त्याची परिस्थिती ध्यानी आल्याने अधिक उपजते. अवस्था आणि परिस्थिती या दोन संज्ञांतील अंतर हाच कळीचा मुद्दा. अवस्था ठरविणारा वरून पाहतो; परिस्थिती जाणू पाहणाऱ्याला तेथे उभे राहावे लागते. मराठी समीक्षा कवितेतील ‘आदिम’ ऊर्जेची वाखाणणी करते, तेव्हा ती अवस्थेचीच भाषा बोलते. केवळ शिडी उलटी धरलेली असते.

२००६च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत ‘ऐतिहासिक अन्याय’ हा शब्दप्रयोग आला. येथे प्रथमच कायद्याने पायरी न सांगता घटना सांगितली. पण दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याचा पुरावा लागतो, आणि वर्षाचा मोठा भाग भट्टीवर काढणाऱ्या कुटुंबापाशी कागद कोठून असणार? नियमांत त्यासाठी एक तरतूद आहे : दावेदार सोडून गावातील इतर वडीलधाऱ्यांनी केलेले आणि लिहून घेतलेले कथन पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते.