बघणं आणि नेम धरणं

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत उभा होतो. मागून एका वहिनींनी विचारलं, "काय हो, खरं का? तुम्ही म्हणे बंदूक घेतलीत?"

मी म्हटलं, "घेतली नाही अजून. परवाना मिळालाय, घेणार आहे."

"आणि तिच्यावर म्हणे बंदुकीपेक्षा महाग दुर्बीण लावणार आहात?"

ही बातमी अर्थातच आमच्याच घरातून फुटली होती! मी मान डोलावली. हातातल्या मोदकाकडे बघत वहिनी म्हणाल्या, "एका हरणाला मारायला एवढी तयारी?"

रांगेत हशा पिकला, मीही हसलो. पण घरी परतताना गाडी चालवताना तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा सुचलेलं उत्तर. वहिनींना ते पटेलच असं नाही.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. घरी तूर, हरभरा, थोडी ज्वारी. थंडीच्या दिवसांत बाबा रात्री शेतात माळ्यावर जागलीला जायचे, कारण रानडुकरं. कधी कधी मलाही सोबत नेत. घोंगडी पांघरून बसायचं, खुट्ट झालं की रिकामा डबा बडवायचा. तरी एखाद्या पहाटे पाहावं तर अर्धा एकर हरभरा नांगरून टाकलेला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी. आणि माळकरी आईच्या घरात शिकार हा शब्दसुद्धा कोणी काढत नसे. शिकार म्हणजे राजेरजवाड्यांचा नाहीतर पारध्यांचा उद्योग, एवढंच आम्हाला ठाऊक.

पुढे 2003 साली मास्टर्स करायला डार्मश्टाटला आलो, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली आणि गीसनजवळच्या एका खेड्यात घर घेतलं. घरामागे मक्याचं शेत, त्यापलीकडे जंगल. एका सप्टेंबरात तो मका रानडुकरांनी झोपवलेला पाहिला आणि मला एकदम यवतमाळ आठवलं. फरक एवढाच की इथे अशा नुकसानीची भरपाई बहुतेक वेळा शिकारीचा हक्क भाड्याने घेतलेल्या माणसाला द्यावी लागते. तो माणूस म्हणजे आमचे शेजारी, वय वर्षं बहात्तर. त्यांच्याबरोबर मी आधी नुसताच होखझित्सवर, म्हणजे त्यांच्या माळ्यावर, जाऊन बसू लागलो. पुढे रीतसर शिकाऱ्याची परीक्षा दिली. इथे तिला थट्टेने 'हिरवं आबितूर' म्हणतात. लेखी, तोंडी आणि नेमबाजी असे तिन्ही भाग चाळिशी उलटल्यावर पास होताना माझा चांगलाच घाम निघाला.

मी मांसाहारी आहे. सुपरमार्केटमधलं चकचकीत पाकीट उचलताना मला कधी काही वाटलं नाही, आणि तेच मला खटकू लागलं होतं. जे खातो ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, असं वाटत होतं. 'डोळ्यांनी पाहावं' हे शब्द पुढे मला फार महागात पडले.

परवाना मिळाल्यानंतरचा पहिला मे महिना. शेजारच्या आजोबांनी त्यांची जुनी रायफल वापरायला दिली. तिच्यावर 3 ते 12 पट मोठं दाखवणारी, पुढची काच 50 मिलिमीटरची अशी दुर्बीण होती. सूर्य मावळून चाळीस मिनिटं झाली असतील. कायद्याने रेह हरणासाठी सूर्यास्तानंतर दीड तासापर्यंत वेळ असतो, पण डोळ्यांची वेळ त्याआधीच संपते. साठ मीटरवर कुरणात काहीतरी हललं. मी रायफल उचलून दुर्बिणीतून पाहिलं, नीट कळेना म्हणून चक्री फिरवून बारापर्यंत नेली. लहान शिंगांचा नर वाटला. आजोबा कुजबुजले, "थांब." मी थांबलो, निदान मला तसं वाटलं. पण डोळा दुर्बिणीला, गाल दस्त्याला, बोट चापाजवळ. त्या अवस्थेत माणूस थांबलेला नसतो, तो फक्त उशीर करत असतो. मी गोळी झाडली.

हरीण उसळलं आणि माझ्या काचेतून नाहीसं झालं. "कुठे गेलं?" आजोबांनी विचारलं. मला सांगता येईना. त्यांनाही अंधारात फक्त सळसळ ऐकू आली होती.

घायाळ जनावराच्या मागे रात्री लगेच धावायचं नसतं, ते आणखी लांब पळतं. पहाटे माग काढणारा एक गृहस्थ हॅनोवर जातीचा कुत्रा घेऊन आला. तीनशे मीटरवर काटेरी झुडपात हरीण सापडलं. गोळी छातीत नाही, पोटात लागली होती. ते तिरकं उभं होतं आणि मला ते समजलंच नव्हतं. रात्री ते केव्हा मेलं, हे कोणालाच सांगता आलं नाही. त्या गृहस्थाने एक डहाळी मोडून हरणाच्या तोंडात ठेवली. त्याला इथे 'शेवटचा घास' म्हणतात. दुसरी डहाळी रिवाजाप्रमाणे मला दिली, टोपीत खोवायला. मी ती खिशात ठेवली.

त्यानंतर काही महिन्यांनी, वहिनींचा प्रश्न डोक्यात घेऊनच, मी स्वतःच्या रायफलीसाठी दुर्बीण बघायला निघालो. आमचा भाग या बाबतीत जगाची पेठ आहे म्हणा ना! लान नदीकाठच्या वेत्झलारमध्ये 1914 साली पहिल्या लायकाचा नमुना तयार झाला, झाइसच्या शिकारी दुर्बिणींचं कामही त्याच गावात, आणि जवळच्या बीबरटालमध्ये 1957 पासून श्मिट उंड बेंडर. काचेच्या दर पृष्ठभागावरून साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे पृष्ठभाग कितीतरी. 1935 साली येनाच्या झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी हा प्रकाश वाचवणारा पातळ लेप शोधला. आजच्या उत्तम दुर्बिणींची किंमत दीड-दोन हजार युरोंच्या पुढे जाते त्यात या लेपांचा आणि काचेचा मोठा वाटा आहे.

दुकानातल्या म्हाताऱ्या विक्रेत्याने ब्रँड विचारला नाही. "काय, कुठून आणि किती वाजता मारणार?" असं विचारलं. मग कागदावर भागाकार मांडला. पुढच्या काचेचा व्यास भागिले किती पट मोठं दिसतं, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या झोताची जाडी. 8 पट आणि 56 मिलिमीटर, म्हणजे 7. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात साधारण तेवढी उघडते, माझ्या वयाची त्याहून कमी. 12 पट आणि 50, म्हणजे जेमतेम 4. म्हणजे त्या संध्याकाळी नीट दिसावं म्हणून मी चक्री फिरवली आणि स्वतःच्या हाताने अंधार वाढवला! आणखी एक हिशेब. शंभर मीटरवर 3 पट दुर्बिणीत साधारण बारा मीटर रुंद जग दिसतं, 8 पटीत पाच, 12 पटीत साडेतीन. माझं हरीण साठ मीटरवर होतं, म्हणजे मला दोनच मीटर जग दिसत होतं. त्या दोन मीटरच्या बाहेर ते कुठे पळालं, त्याच्यामागे काय होतं, बाजूला कोण होतं, यातलं काहीच माझ्या जगात नव्हतं.

हे सगळं घरी येऊन आजोबांना उत्साहाने सांगितलं. मला वाटलं, चूक सापडली: आकडा चुकीचा होता. ते म्हणाले, "आकडा चुकलाच. पण तू आधीच चुकला होतास. तू हरीण ओळखायला बंदूक उचललीस."

मग त्यांनी परीक्षेत शिकवलेला, मीच बरोबर लिहिलेला नियम पुन्हा सांगितला. ओळखायचं ते गळ्यातल्या साध्या दुर्बिणीने. तिला चाप नसतो. नर की मादी, लहान की मोठं, मागे पिल्लू आहे का, पलीकडे गोळी अडवायला माती आहे का, पायवाट तर नाही ना, हे सगळं तिच्यातून पाहायचं आणि ठरवायचं. ठरल्यावरच रायफल उचलायची. कारण रायफलीवरच्या दुर्बिणीतून बघणं म्हणजेच नेम धरणं. तिथे दोन्ही क्रिया एकच होतात. एकदा नेम धरला की डोळा पुरावा शोधत नाही, परवानगी शोधतो.

लहानपणी आपण सगळ्यांनीच अर्जुनाची गोष्ट ऐकली आहे. द्रोणाचार्यांनी विचारलं, काय दिसतं? युधिष्ठिराला झाड दिसलं, पक्षी दिसला, भाऊ दिसले, गुरू दिसले, तो नापास. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला; तो पास. शाळेपासून ऑफिसपर्यंत आपण मुलांना हीच एकाग्रता शिकवतो. पण त्या गोष्टीतला पक्षी खोटा होता, हे मी विसरलो होतो. खोट्या पक्ष्याला पिल्लं नसतात. जिवंत जनावरासमोर आधी युधिष्ठिर व्हावं लागतं, अर्जुन नंतर. आणि जो युधिष्ठिर होतच नाही तो अर्जुनही न राहता दशरथ होतो. शरयूकाठी घागर बुडाल्याचा आवाज ऐकून 'हत्तीच असणार' म्हणून बाण सोडणारा. दशरथाचा नेम अचूक होता. चुकलं ते नेमाच्या आधीचं.

माझ्या धंद्यातही हे मी पाहिलं आहे. एका प्रकल्पात एका कंपनीचे खर्च कमी कुठे होतील हे दाखवणारा तक्ता मी बनवला होता. एकेक ओळ म्हणजे एकेक माणूस, पण तक्त्यात फक्त खर्च दिसायचा. तक्ता अगदी बिनचूक होता. तो बनवताना प्रश्न 'कोण आहे?' असा नव्हताच, 'कुठे मारायचं?' हे आधी ठरलं होतं. ती बारा पटीची दुर्बीणच होती, फक्त तेव्हा मला तिचं नाव ठाऊक नव्हतं.

आता अंधाराचीही अडचण राहिलेली नाही. 2020 साली इथला शस्त्रकायदा बदलला आणि परवानाधारक शिकाऱ्यांना दुर्बिणीपुढे लावायची रात्रदृष्टीची उपकरणं घेता येऊ लागली. वापराचे नियम राज्याराज्यांचे. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रांडेनबुर्गमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर आला, 2024 साली तो आमच्या हेसेनमध्येही पोचला, आणि रानडुकरं कमी करण्याची निकड वाढली. विक्रेत्याने मला असं एक उपकरण दाखवलं. काळ्या रानात जनावरं पांढरी झगझगतात! मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण दिसणं आणि ओळखणं यांतलं अंतर मी नुकतंच शिकलो होतो. पिल्लांना वाढवणारी मादी मारायला इथे कायद्याने बंदी आहे. झगझगणाऱ्या ठिपक्यांत ती कोणती, हे ओळखायला सराव लागतो आणि तो मला नाही. पुढे कधी तरी, कदाचित.

शेवटी मी रायफलीवर लावायला एक वापरलेली, साधी 8 पट 56 ची दुर्बीण घेतली. तिला फिरवायला चक्रीच नाही. वाचलेल्या पैशांतून गळ्यात अडकवायची उत्तम दुर्बीण घेतली. म्हणजे वहिनींनी ऐकलेली बातमी अर्धीच खरी ठरली: बंदुकीपेक्षा महाग दुर्बीण घेतली खरी, पण ती बंदुकीवर बसत नाही. माझी निवड सगळ्यांना लागू पडेल असं नाही. हाकाऱ्याच्या शिकारीत, जिथे जनावर जवळून धावत जातं, तिथे ही 8 पटीची काच कुचकामी आहे. मी तिथे जात नाही.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून पूर्ण शाकाहारी. तिला हा सगळा तर्क ऐकवला. ती म्हणाली, "बाबा, तुला नीट दिसलं म्हणून हरणाला काय फरक पडतो?"

मी म्हटलं, "जे मेलं त्याला एवढाच की रात्रभर तडफडत नाही. आणि ज्याला मी मारत नाही त्याला सगळाच."

"मग सगळ्यांनाच नाही मारलंस तर?"

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जर्मनीत दरवर्षी दहा लाखांहून अधिक रेह हरणं मारली जातात, नाहीतर नवीन झाडं उभी राहत नाहीत, मक्याचं काय, डुकरांचं काय, हे सगळं मी सांगितलं. ते खरंही आहे. पण ती जंगलाबद्दल नाही, माझ्याबद्दल विचारत होती. चांगली काच घेतली म्हणून माणूस चांगला होत नाही. जे बघायचं टाळलं जातं ते टाळणं अवघड होतं, इतकंच.

या मे महिन्यात मी सहा संध्याकाळी बसलो. गळ्यातल्या दुर्बिणीतून पुष्कळ पाहिलं. रायफल एकदाच उचलली, आणि त्या वेळी ती पुन्हा खाली ठेवली नाही. हरीण जागीच कोसळलं. डहाळी मी स्वतः मोडली.

त्या रविवारी आईला फोन केला. तिने विचारलं, "मारलंस का रे काही?" मी "हो" म्हटलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नीट बघून मारलंस ना?"

माळकरी आईकडून याहून जास्त सूट मला मिळणार नाही, आणि मी मागणारही नाही.