मांडीवरची फाइल

विठ्ठलवाडीहून मुंबईकडे निघालेल्या लोकलमध्ये कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर दवाखान्यातल्या रिपोर्टची फाइल असते. त्या माणसासाठी आज अतुल परचुरे यांची आठवण. रंगभूमीवर पुलं साकारणाऱ्या या अभिनेत्याच्या यकृतात गाठ निघाली. कॅन्सर! मध्यंतरी चालणं-बोलणंही अवघड झालं. तरी ते आजाराबद्दल मोकळेपणानं बोलले, पुन्हा कामाला लागले. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी ते गेले. मोकळेपणानं बोलण्या-हसण्यानं गाठ विरघळत नाही, तिथं डॉक्टरच हवेत. पण रिपोर्ट निर्धोक आला, की काल घरात कशावरून भांडला होतात ते आठवा आणि त्या क्षुल्लक भांडणावर सगळे मिळून पोटभर हसा. आणि डब्यात असा फाइलवाला दिसलाच, तर त्याला खिडकीची जागा द्या.